पूर आलेल्या तळ्यावरून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

"पाणी पार गढूळ झालंय, आता दोन आठवडे गळ टाकण्यात अर्थ नाही," असं तू लिहिलंस. गेले चार दिवस मी तळ्यावर आहे आणि नेमकं उलटं बघतोय, म्हणून हे लांबलचक पत्र.

पहिल्या दिवशी मीही चुकलोच. पहाटे पाऊस थांबल्या थांबल्या आपल्या नेहमीच्या खडकाळ सोंडेवर गेलो. सोंड पुरुषभर पाण्याखाली गेलेली. तरी सवयीने तीन तास तिथेच टाकत राहिलो. साधा धक्कासुद्धा नाही. मग पाठीमागे डुबुक असा आवाज आला. आपण ज्या झुडपांच्या सावलीला बसतो ना, तिथे गुडघाभर पाणी होतं आणि आवाज तिथूनच आला होता! काळी जिग, म्हणजे जड डोक्याचं गळाचं आमिष, झुडपाच्या बुंध्याशी सोडली. ओढ अशी जाणवली नाही, फक्त लाइन, म्हणजे गळाची दोरी, हळूच बाजूला सरकू लागली. मी हिसका दिला. चांगला भरलेला लार्जमाउथ बास होता, मोठ्या तोंडाचा शिकारी मासा. गळ काढताना त्याच्या तोंडातून दोन गांडुळं बाहेर पडली आणि सगळा उलगडा झाला. पाणी चढतं तेव्हा कोरडी जमीन भिजते, गांडुळं आणि किडे बाहेर पडतात. त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि लहान माशांमागे बास. कालपर्यंत जिथे गवत होतं, तिथेच आज सगळं खाद्य असतं.

त्याच दिवशी मी काठावर, पाण्याच्या रेषेवर एक काठी रोवली आणि तिच्यावर चाकूने खूण केली. दुपारी पाणी खुणेच्या चार बोटं वर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुणेच्या वीतभर खाली गेलेलं. झुडपांत अजून भरपूर पाणी होतं, पण मासा एकही नाही. पाणी उतरायला लागलं की बास आधीच बाहेर सरकतो, बंद डबक्यात अडकायला तो थांबत नाही. झुडपं संपतात आणि तळ एकदम जुन्या ओढ्याच्या पात्रात उतरतो, त्या कडेवर मला दोन मिळाले, तेही फार वेळ थांबून. उतरत्या पाण्यात मासा उदास असतो, हा माझा अनुभव. म्हणून सांगतो, पाण्याचा रंग नंतर बघ, आधी पाणी चढतंय की उतरतंय ते बघ.

रंगसुद्धा सगळीकडे एकसारखा नसतो. ओढा जिथे तळ्याला मिळतो, ते टोक आधी गढुळतं आणि निवळायलाही आधी लागतं. बांधाजवळ गाळ उशिरा पोहोचतो. त्यामुळे तुझे दोन आठवडे तळ्याच्या प्रत्येक कोपऱ्याला लागू होत नाहीत. स्वच्छ आणि गढूळ पाणी जिथे भेटतं, ती रेष लांबूनही दिसते. तिच्या मातकट बाजूला दबा धरून बसायला बासला आवडतं.

गढूळपणा मोजायला मी दोरीला पांढरं झाकण बांधून सोडतो. 1865 साली आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने समुद्रात अशीच पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. आजही तळ्यांवर तीच पद्धत चालते. झाकण वीतभरावर दिसेनासं झालं, तर मी स्पिनरबेटला, म्हणजे फिरत्या पात्याच्या आमिषाला, मोठं गोल कोलोरॅडो ब्लेड लावतो आणि अगदी सावकाश ओढतो. ते ब्लेड पाण्याला थपडा मारत फिरतं. बासच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, तिने त्याला पाण्याची हालचाल कळते. डोळ्यांना दिसायच्या आधीच आमिष त्याला जाणवतं. लांबट, विलोच्या पानासारखं ब्लेड नुसतं चकाकतं, ते निवळ पाण्यासाठी ठेव. आमिष काळं घे, कारण गढूळ पाण्यात रंगापेक्षा आकृती ठळक दिसणं महत्त्वाचं. आणि एकाच बुंध्याशी पाच-सहा वेळा टाक. अशा पाण्यात मासा हातभरही हलायला तयार नसतो. झुडपांत ओढाताण होते, म्हणून मी 50 पौंडांचा ताण सोसणारी विणलेली लाइन वापरतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. हे अंडी घालण्याचे दिवस आहेत. पाणी साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअसवर असताना नर उथळात घरटं करतो आणि अंड्यांची राखण करत तिथेच थांबतो. पाणी भराभर उतरलं की घरटी उघडी पडतात, गाळ बसला तर अंडी गुदमरतात. काल असा एक राखणदार दिसला. आमिष जवळून गेलं तर अंगावर धावून येत होता. त्याला मी हात लावला नाही, तूही लावू नकोस. पाणी काही आठवडे वर टिकलं, तर हीच बुडालेली झुडपं पिल्लांना आसरा देतील, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते आपल्याला दिसेल.

होडी आणणार असशील, तर ओढ्याच्या मुखाशी आणि सांडव्याजवळ जायचं नाही. परवा एक आख्खा ओंडका पाण्याखालून अलगद वाहत गेला. वर फक्त एक फांदी दिसत होती. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत पडलेलं नको. गडगडाट ऐकू आला की गळाची कार्बनची काठी खाली ठेवून काठ गाठायचा. पायाला जखम असेल तर या पाण्यात उतरू नकोस.

पावसाने दिवस वाया जातो असं तू म्हणतोस, म्हणून आठवण करून देतो. 2 जून 1932 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरीने 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ पकडला. पावसाने शेत नांगरण्याजोगं नव्हतं, म्हणून तो मासेमारीला गेला होता, असं सांगतात. ते तळंही नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणाचं. 2009 मध्ये जपानच्या बिवा तळ्यात मानाबू कुरिताने त्या विक्रमाची बरोबरी केली, पण त्याला स्पष्टपणे मागे टाकणारा मासा अजून नोंदला गेलेला नाही.

काल संध्याकाळपासून पाणी एकाच रेषेवर आहे. पाणी ठरलंय. असं दोन दिवस राहिलं की मासे पुन्हा झुडपांच्या बाहेरच्या ओळीत येऊन थांबतात. शनिवारी पहाटे मी तिथेच असेन. तुझी गळाची जाड काठी घेऊन ये. पातळ काठीने त्या झुडपांतून मासा निघणार नाही.

तुझाच,
तळ्यावरचा मित्र