बाबा, ऑटोबानची काळजी करू नका

स्टुटगार्ट (जर्मनी), रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. ऑफिस, जेवणखाण सगळं नेहमीचंच, त्यामुळे ते लिहीत बसत नाही. थंडी सरली, जाड कोट कपाटात गेला.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तिथे वेगाला मर्यादाच नाही म्हणे, आणि तू एकटी गाडी घेऊन हिंडतेस." नंतर तुम्ही काही बोललाच नाहीत, फोन आईकडे दिलात. तेव्हापासून मनात आहे म्हणून सविस्तर लिहिते. तुम्हाला कुणी सांगितलं ते अर्धंच खरं आहे. ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या महामार्गांच्या, बऱ्याच टप्प्यांवर मर्यादा नाही हे खरं. पण शहराजवळ, वळणांवर, कामं चालू असतील तिथे १२०, १००, ८० अशा पाट्या असतात आणि त्या सगळे पाळतात. पाटी नसेल तिथेसुद्धा ताशी १३० किलोमीटरची शिफारस आहे. त्याहून जोरात जाताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी दोषाचा वाटा आपल्यावर येऊ शकतो. मी त्या आतच असते, उजव्या लेनमध्ये. दादा समृद्धीवरून १२० ने नागपूरला जातो तेव्हा तुम्ही निवांत झोपता. मग माझीच एवढी काळजी का?

इथे वेग झेपतो, कारण कोण कुठून येणार ते आधी ठाऊक असतं. ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि झाला की लगेच पुन्हा उजव्या लेनमध्ये. उजवीकडून कुणी घुसत नाही. आणि मला गाडी येते की नाही हे इथल्या लोकांनी नीट तपासलंय. आपलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा, डोळ्यांची तपासणी, शिवाय प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग. प्रत्यक्ष परीक्षा जवळजवळ तासभर चालते आणि परीक्षक मागच्या सीटवर बसून सगळं टिपत असतो. मी पास झालेय, बाबा.

आता एक गोष्ट सांगते, ती मात्र नीट वाचा. ऑटोबानवर गाड्या तुंबल्या, अगदी चालण्याच्या वेगावर आल्या की लोक मधोमध एक वाट मोकळी करतात. तिला रेटुंग्सगासे म्हणतात. अपघात झालाय की नाही हे कुणाला माहीत नसतं, सायरनही ऐकू आलेला नसतो, तरी वाट तयार. उजवा हात पालथा करून समोर धरा. अंगठा म्हणजे सगळ्यात डावी लेन, बाकीची बोटं म्हणजे उरलेल्या लेन. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा म्हणजे ती वाट. तीन लेन असोत की चार, वाट तिथेच. डाव्या लेनमधली प्रत्येक गाडी आणखी डावीकडे सरकते, इतकी की चाकं कडेच्या पट्ट्यावर येतात. बाकीच्या सगळ्या उजवीकडे सरकतात, आणि चाळीस टनी ट्रकसुद्धा यातून सुटत नाही. रुग्णवाहिका गेली म्हणून वाट लगेच बुजवायची नाही. मागून अग्निशमन दलाची गाडी येते, पोलीस येतात, गाडी उचलणारा ट्रक येतो. रुग्णवाहिकेच्या मागे आपली गाडी घालून पुढे सटकणं हा तर मोठाच गुन्हा समजतात. वाट केली नाही तर कमीत कमी २०० युरो दंड, लायसन्सवर नियमभंगाचे दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी.

एवढं लांबण लावलं, कारण मला दर वेळी सांगलीतला विश्रामबागचा चौक आठवतो. त्या रात्री तुम्हाला मिरजेला नेताना रुग्णवाहिका तिथे अडकली आणि दादा खाली उतरून हात जोडत गाड्या बाजूला काढत होता. मी इथे फोन कानाला लावून नुसती सायरन ऐकत होते. आपल्याकडेही कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण माणूस बाजूला सरकणार कुठे? डावीकडे रिक्षा, उजवीकडे दुभाजक, आणि प्रत्येकाला वाटतं आधी पुढच्याने हलावं. वाट कुठे करायची हे आधीच ठरलेलं असतं, तर लोक तिथेही सरकले असते असं मला मनापासून वाटतं.

दादासाठी आता. मे महिन्यात येणार आणि गाडी भाड्याने घेणार म्हणतोय, तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आत्ताच काढून घे म्हणावं. फॉर्म ४ए भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत जोडायची. तो परवाना वर्षभर चालतो, पण मूळ लायसन्स सोबत हवंच. इथे भाड्याच्या बऱ्याच गाड्या गिअरच्या असतात आणि गिअर उजव्या हाताला येतो; ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगून ठेवावी लागते. इंडिकेटर आणि वायपरच्या जागाही आपल्या गाडीच्या उलट. निघण्याआधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं हात बसवून घ्यावा.

पण त्याला खरं सांभाळायचंय ते वेगळंच. गावात शिरताना गावाच्या नावाची पिवळी पाटी लागते. आकडा कुठेच लिहिलेला नसतो, तरी त्या पाटीपासून मर्यादा ५० ची. नावावर लाल तिरकी रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं. पाहुण्यांना दंड होतात ते इथेच, आणि कॅमेऱ्याची चिठ्ठी गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत घरापर्यंत येते. दुसरं म्हणजे डिपर. आपल्याकडे समोरच्याने डिपर दिला की "थांब, मी येतोय." इथे चौकात किंवा अरुंद रस्त्यावर दिला तर बहुतेक वेळा "तू आधी जा" असा अर्थ असतो. आणि जिथे सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही बारीक गल्लीतून येवो. हा नियम आपल्याकडेही अगदी हाच आहे, लायसन्सच्या पुस्तकात होता. इथे तो पाळतील असं गृहीत धरूनच उजवीकडचा माणूस न थांबता येतो, म्हणून जपायचं.

इथे कारला टोल नाही. ऑस्ट्रियात मात्र महामार्गासाठी टोलचा पास घ्यावा लागतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकचा, एक दिवस गेलात तरी. आई, वहिनींना सांग, छोटूला मांडीवर घेऊन बसता येणार नाही. बारा वर्षांखालचं आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल लहान मुलांच्या सीटवरच बसवावं लागतं. ती सीट मी इथल्या मैत्रिणीकडून आणून ठेवते.

या महिन्यात पैसे कमी आले असतील. लायसन्सच्या परीक्षांना आणि शिकवणीला बराच खर्च झाला, तेव्हा सांगितलं नव्हतं. घराचा हप्ता मात्र नेहमीच्या तारखेला जाईल, त्याची चिंता नको. पुढच्या महिन्यापासून पूर्ववत पाठवते आणि राहिलेलेही देते.

मामांनी सुचवलेल्या मुलाशी बोलले. माणूस सरळ वाटला. त्याला पुण्यातच राहायचंय आणि माझं इथलं काम अजून दोन वर्षं तरी आहे, हे त्याला स्पष्ट सांगितलंय. आई, भेटल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नका, मामांनाही सांग. मी टाळत नाहीये.

दिवाळीला येते म्हणाले होते, पण सुट्टी डिसेंबरातच मिळतेय. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवून ठेवलंय असं वहिनी म्हणाल्या. तसं करू नका. पावसाळ्याआधी करून घ्या, पैसे मी वेगळे ठेवलेत. आणि डोळ्याची पट्टी निघेपर्यंत संध्याकाळनंतर स्कूटर बाहेर काढायची नाही, एवढं माझं ऐका.

थोरांना नमस्कार, छोटूला गोड पापा.

तुमची,
मुक्ता