आईच्या डोळ्यात नेमके काय बदलायचे?

ती. आईस आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या तपासणीचे कागद मी दोनदा वाचले. बाबा, ‘बदलायचेच तर सगळे बुबुळ बदलावे, अर्धवट काम नको’ हा तुमचा मुद्दा मला का पटला नाही, ते फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

डोळ्याचे पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, डॉक्टरांचे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याच्या अगदी आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो आणि पारपटलात झिरपणारे पाणी तो सतत उपसत राहतो. या पेशी गेल्या की त्यांची जागा भरून काढणाऱ्या नव्या पेशी शरीर तयार करत नाही, आणि आईच्या फुक्स डिस्ट्रॉफी या आजारात नेमक्या त्याच कमी होत जातात. आई, सकाळी धुरकट दिसते आणि दुपारपर्यंत निवळते असे तू सांगायचीस, तेव्हा झोप अपुरी झाली असेल असे म्हणून आम्ही सोडून दिले. खरे कारण असे की रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने डोळ्यावरून बाष्पीभवन होत नाही आणि पाणी साठून पारपटल सुजते.

तेव्हा बाबा, बिघाड आतल्या थरात आहे, वरचा भाग चांगला आहे. तुम्ही म्हणता ते पूर्ण जाडीचे रोपण १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी प्रथम यशस्वी केले आणि पुढे कित्येक दशके तोच मुख्य मार्ग होता. पारपटलावर आरपार व्रण असेल तर आजही तेच करावे लागते. मात्र त्यात मधली चकती कापून दात्याची चकती बसवतात, बहुधा सोळाच्या आसपास टाके घालतात, नजर स्थिरावायला वर्ष किंवा अधिक लागते, चष्म्याचा वाकडा नंबर राहतो, आणि ती जखम मूळच्या इतकी मजबूत कधीच होत नाही. न्हाणीघरात घसरून पडण्याच्या वयात मला याच शेवटच्या गोष्टीची धास्ती वाटते.

दुसरे दोन मार्ग, डीसेक आणि डीमेक, फक्त आतला थर बदलतात. डीसेकमध्ये दात्याच्या पेशींबरोबर पारपटलाचा थोडा जाड पापुद्राही येतो, त्यामुळे तो हाताळायला सोपा जातो. आधी बऱ्याच शस्त्रक्रिया झालेल्या गुंतागुंतीच्या डोळ्यांत पुष्कळ सर्जन तोच पसंत करतात. डीमेक ही गेरिट मेलेस यांनी २००६ मध्ये मांडलेली पद्धत. तिच्यात केवळ पेशी आणि त्यांचा तळपडदा, म्हणजे सुमारे १० ते १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडदा, बसवतात. तो डोळ्यात गुंडाळी होऊन जातो आणि तिथे उलगडावा लागतो. गंमत म्हणजे वयस्कर दात्याचा पडदा कमी घट्ट गुंडाळतो, त्यामुळे इथे म्हातारपण उपयोगी पडते. तिन्हींत नजर सर्वांत लवकर डीमेकने सुधारते आणि रोपण नाकारले जाण्याचा धोकाही तिच्यातच सर्वांत कमी असतो. आईचा मोतीबिंदू आधीच काढलेला आहे आणि डोळ्यात दुसरी गुंतागुंत नाही, म्हणून माझे मत डीमेककडे झुकते.

त्रास इथेही आहे. पडदा चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडतात आणि तो वर दाबत राहावा यासाठी पाठीवर, छताकडे तोंड करून झोपावे लागते. कधी कडा सुटली तर पुन्हा हवा भरावी लागते. आईची पाठ हे किती वेळ सोसेल, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आणि त्यांचा हात डीसेकवर अधिक बसलेला असेल, तर मी डीमेकचा हट्ट धरणार नाही.

स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घालावे लागतील, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून तपासणीची एकही तारीख चुकवू नका. पुढे कधीही डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा पुन्हा धुरकट दिसू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दाखवायचे. थेंबांचे वेळापत्रक मी मोठ्या अक्षरांत लिहून आणते. पहिला आठवडा ते घालण्याचे काम माझे, नंतर बाबा, तुमचे.

तुमची,
मुलगी