ताई, काकांची ऱ्हस्व ‘दिवाळि’ तशीच ठेवलीत त्याबद्दल

ताई, नाव टाकू नका म्हणालात म्हणून नाही टाकत. पण आभार सगळ्यांसमोर मानणार, कारण आम्हाला वेड्यात काढलं तेही सगळ्यांसमोरच होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी काळ्या स्क्रीनच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होतात. काका दोन बोटांनी टाईप करतात, ओळ अर्धी झाली की वरचा बाण दाबून आधीची नोंद कशी लिहिलेली ते बघतात आणि खालचा बाण दाबून परत येतात. आणि परत आले की अर्धी ओळ गायब! त्यात सकाळी सगळं व्यवस्थित चालायचं आणि संध्याकाळी बोंब, त्यामुळे काकांवर कोणी विश्वासच ठेवेना. ‘तुम्हीच काहीतरी दाबलं असेल.’ ज्यांनी प्रोग्रॅम करून दिला त्यांचं उत्तर तर फ्रेम करून लावण्यासारखं आहे, मराठीत टाईप करू नका म्हणे, युनिकोडचा प्रॉब्लेम आहे. मराठी वाचनालयात! आणि वर ‘आमच्याकडे टेस्ट पास होतायत’.

पास होणारच होत्या हो. तुम्ही दहा मिनिटांत दाखवलंत की त्या टेस्टमध्ये ओळी पाइपमधून ढकलल्या होत्या, म्हणजे कळा न दाबता दुसऱ्या प्रोग्रॅममधून थेट आत, आणि समोर खरा टर्मिनल (ती काळी स्क्रीन आणि कीबोर्ड) नसेल तर ओळ टाईप करून घेणारी लायब्ररी (वाचनालय नव्हे, प्रोग्रॅममध्ये घातलेला तयार कोड) नुसती ओळ वाचून मोकळी होते, बाण नाही, हिस्टरी म्हणजे आधीच्या ओळींची यादी नाही, काहीच नाही. म्हणजे ज्या कोडची परीक्षा घ्यायची तो वर्गातच आला नव्हता आणि हे त्याला पास करून बसलेले. आत लाइननॉईज नावाच्या लायब्ररीची कॉपी होती, ती सॅल्व्हातोरे सॅनफिलिपोने 2010 मध्ये लिहिली, रेडिस हा डेटाबेस बनवणारा तोच. मूळ कोडमध्ये अर्धी ओळ हिस्टरीच्या शेवटच्या खणात नीट जपून ठेवलेली असते, आमच्या कॉपीत कोणीतरी हात घातला होता आणि 100 नोंदी भरल्या की त्या अर्ध्या ओळीला खणच उरत नव्हता. देणगीतली पुस्तकं चढवताना काका शंभरी दुपारीच गाठायचे. म्हणून सकाळी ठीक, संध्याकाळी बोंब. मराठीचा काडीचाही संबंध नाही, तुम्ही ‘एबीसी’ टाकून तेही गायब करून दाखवलंत तेव्हा मी खरंच टाळी वाजवली.

मग लायब्ररीला खराच वाटेल असा खोटा टर्मिनल उभा करून टेस्ट लिहिलीत. 100 ओळी कशाला, मर्यादा 3 करा म्हणालात, आणि वरचा बाण दाबला की प्रोग्रॅमला जे आकडे मिळतात ते 27, 91, 65 असे तीन बाइट पाठवलेत. माझी टेस्ट कधी पास कधी फेल व्हायची तेव्हा एकच वाक्य लिहिलंत, ‘प्रॉम्प्ट (टाईप करायला सांगणारी खूण) दिसेपर्यंत थांबा, त्याआधी दाबलेलं प्रोग्रॅम फेकून देतो.’ मी दोन रात्री डोकं आपटत होतो त्यावर.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत की काकांची नेमकी कोणती ओळ गेली, जशीच्या तशी पाठवा. ती होती ‘दिवाळि अंक रॅक 3’. मी पाठवताना गुपचूप दीर्घ केली, उगाच काकांची शोभा नको म्हणून. तुम्ही स्क्रीनचा फोटो मागितला होतात, त्यात ऱ्हस्व दिसली, आणि लिहिलंत, ‘त्यांनी ऱ्हस्व लिहिलंय ना, मग ऱ्हस्वच राहू दे, दोन्ही वेलांट्यांना साठवायला बाइट तीनच लागतात.’ आणि टेस्टमध्ये तीच ओळ ठेवलीत. प्रोग्रॅमर नेहमी टाकतात तसलं फू-बार नाही, हॅलो नाही, काकांची ओळ. टाईप करा, वर, खाली, एंटर, ‘दिवाळि अंक रॅक 3’ परत आली पाहिजे.

एवढ्या दिवसांत काका जे सांगतायत ते तसंच घडलं असेल असं धरून चालणारं पहिलं माणूस तुम्ही. हुशार माणसं ढीगभर भेटतात ताई, पण समोरच्याचं म्हणणं न दुरुस्त करता ऐकून घेणारी फार कमी, आणि त्यात पैसे न घेता रात्री साडेअकराला उत्तर देणारी तर विचारूच नका. (ज्यांनी पैसे घेतले त्यांचं उत्तर अजून यायचंय.)

शनिवारी नवीन कॉपी टाकली. काकांनी मुद्दाम संध्याकाळी, शंभरच्या वर नोंदी झाल्यावर अर्धी ओळ लिहिली, वर गेले, खाली आले, चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आहे की!’ मग परत एकदा केलं. मग तिसऱ्यांदा, नुसतं मजा म्हणून.

तुमच्यासाठी त्यांनी रॅक 3 मधले दुबार आलेले चार दिवाळी अंक बाजूला काढून सुतळीने बांधून ठेवलेत. वर चिठ्ठी आहे, ‘कॉम्प्युटरवाल्या ताईंना’. पत्ता कळवा, नाहीतर ते मला रोज विचारतात.