तात्यांचा उजवा कान

प्रिय पिंट्या,

तुझे दोन मिस्ड कॉल बघितले भावा, पण दवाखान्यात होतो, म्हटलं रात्री निवांत लिहूनच सांगावं. तात्यांच्या आजाराचं निदान झालं एकदाचं. आठ महिने गेले त्यात, आणि खरं सांगू का, थोडा दोष आपल्या कोल्हापूरचाच आहे.

त्यांचा डावा कान आठवतोय ना, तालमीत मोडलेला, बटाट्यागत? खासबागेत कुस्त्या मारल्याची खूण म्हणून मिरवतात तो. तर गणपतीत उजवा कान सुजला, लालबुंद, उशीला टेकवता येईना. घरात, गल्लीत, डॉक्टरकडं, सगळे एकच म्हणाले, पैलवानाचा कान हाय, चालायचंच. अँटिबायोटिक दिलं, आठवड्यात सूज उतरली, गुण आला म्हणून आम्ही खूश. आता कळतंय, ती आपली आपणच उतरते आणि परत चढते, गोळ्यांना फुकटचं श्रेय.

मग डोळे लाल झाले तर डोळे आले म्हणून ड्रॉप, गुडघे धरले तर वय झालं म्हणून मलम, नाकाची दांडी एवढी दुखायची की चष्मा काढून पेपर हातभर लांब धरायचे. प्रत्येक डॉक्टरची फाईल वेगळी, सगळ्या एकत्र कुणी बघितल्याच नाहीत, मी पण नाही.

शेवटी संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मोडलेला कान कुठला? डावा. मग सुजतोय उजवा कसा? आणि त्यांनी कानाची पाळी चिमटीत धरली. वरचा कान निखारा, पाळी मात्र गार, मऊ, दुखत पण नाही. पाळीत कूर्चा, म्हणजे कानानाकातला तो हाडागत पण लवचिक भाग, नसते आणि हा आजार कूर्चेलाच धरतो, साध्या इन्फेक्शननं सहसा पाळी पण सुजते. नाव रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस. ह्याची म्हणून एक अशी रक्ताची टेस्टच नाही, 1976 सालचे सहा निकष आहेत, त्यातले तीन जुळावे लागतात. गंमत बघ, कान मोजायचा तर दोन्ही सुजायला लागतात, म्हणजे तात्यांचा कान मोजणीत आलाच नाही, नाक, डोळे आणि सांधे ह्यावर पास झाले.

स्टिरॉइड चालू केलंय, शुगर वाढलीय, मीठ कमी करायला सांगितलंय, त्यामुळं तांबड्या रश्श्यावरून रोज भांडण. मला धास्ती आवाजाची होती, जरा बसलाय, आणि श्वासनळीत पण कूर्चाच असते. सीटी स्कॅन करताना श्वास सोडायला लावून पण फोटो काढले, नळी ठीक आहे. पण हिमोग्लोबिन कमी आणि तांबड्या पेशी आकारानं मोठ्या आल्यात. वयस्कर पुरुषांत ह्याच्यामागं व्हेक्सास म्हणून एक आजार असू शकतो, तो सापडलाच मुळी 2020 मध्ये, त्यासाठी यूबीए1 जीनची टेस्ट पाठवलीय. रिपोर्ट यायचाय, आला की लगेच फोन करतो.

तात्या सध्या घरी येईल त्याच्या कानाची पाळी दाबून बघतात, परवा दूधवाल्याची पण बघितली.

तुझा,
बाळ्या