टर्बोचा नियम गेम पाहून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की इंदुरातल्या मंडळांच्या बैठकांत रांगोळी, कॅरम आणि संगीत खुर्चीच्या जोडीला आता तरुण मुले आणखी एका स्पर्धेचे नाव काढतात: ठरवून दिलेला व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवायचा, म्हणजे स्पीडरन. जरूर घ्यावी. मात्र अशा स्पर्धेच्या नियमपत्रिकेत 'टर्बो चालणार नाही' एवढी एकच ओळ लिहून भागत नाही. पहिल्याच फेरीत वाद होतो, आणि परीक्षकाच्या हातात तो मिटवायला काहीच नसते.

टर्बो म्हणजे आपण बटण नुसते दाबून धरायचे आणि पॅडमधल्या, म्हणजे हातात धरायच्या बटणांच्या खोक्यातल्या, सर्किटने ते झपाझप दाबत-सोडत राहायचे. ज्यांच्या घरी एकेकाळी कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता त्यांना हे समजावून सांगायला नको. त्या पॅडवर ए आणि बीच्या शेजारी आणखी दोन बटणे असत, ती टर्बोचीच. निन्टेन्डोचे एनईएस यंत्र सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे चित्रे, दाखवते आणि बहुतेक गेम दर फ्रेमला एकदाच पॅडकडे बघतात. नवा दाब मोजला जायचा तर एका फ्रेमला बटण दाबलेले आणि पुढच्या फ्रेमला सुटलेले दिसायला हवे. म्हणून सेकंदाला ३० दाब ही तिथली कमाल मर्यादा. माणसाचा अंगठा कुठवर जातो? जपानच्या हडसन कंपनीचे ताकाहाशी मेइजिन सेकंदाला १६ दाब देतात म्हणून देशभर गाजले होते. म्हणजे नामांकित हातही टर्बोच्या जेमतेम निम्म्यावर.

जास्त वेगाचा टर्बो जास्त चांगला, हा समज मात्र खोटा आहे. स्वस्त पॅडमधला टर्बो यंत्राच्या फ्रेमशी जुळवलेला नसतो, तो आपल्या लयीत चालतो. समजा तो सेकंदाला ४० दाब देतो आहे. ६० वेळा बघणाऱ्या गेमला त्यातून 'दाबलेले, सुटलेले, दाबलेले' अशी तीन फ्रेमची माळ दिसते, पुन्हा तीच माळ, आणि मोजले जातात फक्त २० दाब. खोक्यावर वेगाचा मोठा आकडा छापलेला पॅड घेऊन आलेला मुलगा सेकंदाला २५ दाबांच्या टर्बोवाल्यापेक्षा मागे पडतो, तो यामुळे. आपल्याकडे ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेमवर, चालणारी यंत्रेही पुष्कळ आली. तिथे मर्यादा ३० वरून २५ वर येते. शिवाय ६० हर्ट्झचा गेम जसाच्या तसा ५० वर चालवला की १० मिनिटांचा खेळ १२ मिनिटांचा होतो. तेव्हा सगळ्यांना एकाच यंत्रावर, एकाच टीव्हीवर खेळवणे ही पहिली अट.

आता मुख्य मुद्दा. टर्बोने काय साधते ते गेमवर अवलंबून आहे. 'काँट्रा'मध्ये साधी बंदूक एका दाबाला एक गोळी सोडते आणि पडद्यावर एका वेळी ठरावीकच गोळ्या राहू शकतात. दूरच्या शत्रूवर टर्बो लावून फारसा लाभ नाही, कारण आधीच्या गोळ्या उडत असतात तोवर नवी सुटत नाही. पण बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, भिंतीला अगदी खेटून उभे राहा. गोळी निघाल्याबरोबर आदळते, जागा रिकामी होते आणि पुढची सुटते. तिथे टर्बोवाला सरळ पुढे निघून जातो. हाताने हे करणे हीच त्या गेममधली कमाई आहे, म्हणून 'काँट्रा'ला टर्बो बंदच हवा. याच गेममध्ये 'एम'ची बंदूक मिळाली की बटण धरून ठेवले तरी गोळ्या सुटत राहतात. ती गेमची स्वतःची सोय आहे, तिला टर्बो समजून कुणाला बाद करू नये.

'सुपर मारिओ'त उलटे घडते. उडीची उंची ए बटण किती वेळ धरले यावर ठरते. टर्बो ए लावला की पुढच्याच फ्रेमला बटण सुटते, मारिओ बुटकी उडी मारतो आणि पाइपावर आपटतो. तिथे टर्बोपेक्षा लक्ष ठेवायचे ते डावे-उजवे एकदम दाबले जाण्यावर. मूळ पॅडच्या अधिक चिन्हासारख्या बटणाखाली मधोमध टेकू असतो, त्यामुळे समोरासमोरच्या दोन दिशा एकदम लागत नाहीत. कीबोर्डवर किंवा चार सुट्या बटणांच्या पॅडवर त्या लागतात, आणि काही जुन्या गेमना हे मुळीच झेपत नाही. 'झेल्डा २'मध्ये तर नायक अचाट वेगाने सुटतो. डावे-उजवे एकत्र आले तर दोन्ही रद्द, असा नियम लिहून ठेवावा.

तिसरा प्रकार लांबलचक संवादांच्या गेमचा. तिथे बटण बडवायचे ते केवळ पात्रांचे बोलणे पुढे ढकलण्यासाठी. तासन्‌तास अंगठा आपटण्यात कौशल्य कसले, मनगट मात्र दुखावते. अशा गेमला टर्बो सर्वांना खुला ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण 'फक्त संवादापुरता चालेल' असे अर्धवट लिहू नये. कोणत्या क्षणी टर्बो चालू होता हे बाजूला बसलेल्या परीक्षकाला दिसत नाही.

'फक्त कंपनीचा मूळ पॅड' हा नियमही टिकत नाही. निन्टेन्डोने स्वतः १९८७ मध्ये काढलेल्या एनईएस अ‍ॅडव्हांटेज या जॉयस्टिकवर टर्बो आहे, आणि त्याचा वेग कमी-जास्त करायला गोल खुंटीही आहे. पीसी इंजिन या दुसऱ्या यंत्राच्या बऱ्याच पॅडवर तर टर्बोच्या खटक्या होत्याच. म्हणून छाप बघू नका, काम बघा. टर्बो बंद असेल त्या गेमसाठी आमच्या मते वाक्य असे असावे: 'खेळाडूच्या बोटाच्या एका दाबाने गेमला एकच दाब पोहोचला पाहिजे, आणि एका कामाला एकच बटण.' यात मॅक्रो, म्हणजे एका बटणावर अनेक दाब साठवून ठेवणे, बाद होतो. एकच काम दोन बटणांना जोडून दोन अंगठ्यांनी बडवणे बाद होते. मोकळी फिरणारी माउसची चक्रीही बाद होते, कारण तिच्या एका फिरकीत दाबांचा पाऊस पडतो. 'रोलिंग' मात्र बसते. त्यात एका हाताने बटण हलके धरून दुसऱ्या हाताची बोटे पॅडच्या पाठीवर एकामागून एक वाजवतात. प्रत्येक ठोका बोटाचाच असतो. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या विलिस गिब्सनने एनईएसचे 'टेट्रिस' पार गोठेपर्यंत खेळून दाखवले, ते याच पद्धतीने.

पॅड विकत घेणाऱ्यांसाठी थोडे. जेल रोडवरच्या दुकानात पॅड हातात घेतलात की आधी दिशांचे बटण तपासा. 'खाली' दाबून धरा आणि अंगठा किंचित डोलवा. दुकानदाराच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर पॅड तपासण्याचे पान उघडले असेल तर तिरपी दिशा लागते का ते लगेच दिसते. लागत असेल तर दुसरा नग मागा. घरच्या पॅडला हा दोष असेल तर तो उघडा. रबराखालच्या काळ्या ठिपक्यांसमोर सर्किटच्या पट्टीवर जे संपर्क असतात, त्यांच्या कडांवर चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले की कडेने होणारा चुकार स्पर्श थांबतो. ठिपके मळले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हळूच पुसा. खरवडलेत तर कार्बनचा थर निघतो आणि बटण कायमचे जाते. पॅड तारेचाच घ्या. साधा यूएसबी पॅड सेकंदाला १२५ वेळा वाचला जातो, म्हणजे फार तर ८ मिलिसेकंदांचा उशीर, एका फ्रेमच्या अर्धा. हजार वेळा वाचला जाणारा महागडा पॅड यातले ७ वाचवतो. टीव्हीचा गेम मोड चालू केल्याने याहून कितीतरी जास्त उशीर वाचतो आणि त्याला एक पैसा पडत नाही.

स्पर्धेच्या दिवशी तपासणीला पॅडमागे दोन मिनिटे पुरतात. पॅड लॅपटॉपला लावा, तपासण्याचे तेच पान उघडा आणि एकेक बटण १० सेकंद धरून ठेवा. पडद्यावरची खूण स्थिर राहिली तर ठीक, लुकलुकली तर त्या बटणावर टर्बो आहे. हे नेहमी लबाडीनेच होते असे नाही. बऱ्याच पॅडवर टर्बोची कळ आणि दुसरे बटण एकदम दाबले गेले की टर्बो बसतो, आणि काही पॅड तार काढल्यावरही तो लक्षात ठेवतात. मुलाला ते ठाऊकच नसते. त्याला बाद करू नका, टर्बोची किंवा 'क्लिअर'ची कळ धरून तेच बटण पुन्हा दाबायला सांगा आणि परत तपासा. मग टर्बोच्या कळीवर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर सही करा. खेळ संपल्यावर पट्टी शाबूत आहे का ते पाहूनच वेळ फळ्यावर लिहा.

आपले नियमित वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर