समकक्षतेचा दाखला पोरानेच का आणायचा?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी आयटीआयला फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो, आता रिटायर झालोय, त्यामुळे पेपर पहिल्या पानापासून टेंडर नोटिशीपर्यंत वाचून होतो. हल्ली कौशल्य शिक्षणाच्या बातम्या भरपूर असतात. 1000 आयटीआय अपग्रेड करणार, 60 हजार कोटींची योजना, नव्या मशिनी, नवे कोर्स. चांगलंच आहे, आमच्याकडे एका लेथवर चार चार पोरं उभी असायची. पण मला मशिनींबद्दल बोलायचं नाहीये, कागदाबद्दल बोलायचंय. पोरगं पास होऊन बाहेर पडतं तेव्हा हातात जो कागद येतो तो बाहेर कितपत चालतो, यावर कोणी फार बोलत नाही.

एक प्रसंग सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, दहावी करून आलेला, दोन वर्षं फिटर केलं, मग एक वर्ष अप्रेंटिसशिप, मग भाषेचे पेपर देऊन बारावीची समकक्षता पण घेतली, म्हणजे जे जे करा म्हणून सांगितलं ते सगळं त्याने केलं. एका भरतीचा फॉर्म भरायला बसला. पात्रता 'बारावी किंवा समकक्ष'. ऑनलाईन फॉर्ममध्ये बारावीवर क्लिक केलं की पुढे शाखा विचारतात, कला, वाणिज्य, विज्ञान. चौथं काही नाहीच. रिकामं सोडलं तर पुढे जाऊ देईना, लाल अक्षरात एरर. सायबर कॅफेवाला म्हणाला टाका हो कला, कोण बघतंय. याने टाकलं. आणि डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला नेमकं तेच बघितलं, फॉर्मवर कला आणि हातात आयटीआय, चुकीची माहिती दिली म्हणून बाद. हा म्हणाला, साहेब जाहिरातीत समकक्ष लिहिलंय ना. तर म्हणे समकक्ष आहे असं पत्र आणा. कुठून आणू? ते आम्ही कसं सांगणार. तिथून तो बोर्डाच्या ऑफिसात, तिथून व्यवसाय शिक्षणच्या ऑफिसात, आणि शेवटी फाईल काखेत मारून परत माझ्यासमोर. मी कसलं पत्र देणार? मी जॉब, म्हणजे पोरांनी वर्कशॉपमध्ये घडवलेला तुकडा, तपासणारा माणूस.

गंमत अशी की हे सगळं सुटावं म्हणून देशात व्यवस्था करून ठेवलेली आहे. 27 डिसेंबर 2013 ला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, ज्याला सगळे एनएसक्यूएफ म्हणतात, तो आला. त्यात प्रत्येक कोर्सला लेव्हल द्यायची होती. मग 2023 मध्ये श्रेयांक म्हणजे क्रेडिट आराखडा आला, त्यात शाळा, कॉलेज आणि व्यवसाय शिक्षण सगळं एकाच शिडीवर आणलं, पाचवीची लेव्हल 1, दहावीची 3, बारावीची 4, असं करत पीएचडीची 8. अभ्यासाचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट. आमच्या फिटरच्या नव्या सिलॅबसमध्ये पण वर्षाचे 1200 तासच आहेत आणि त्यातले 840 नुसते प्रॅक्टिकलचे. म्हणजे हिशोब कागदावर एकदम चोख बसतो.

आणि 2013 च्या अधिसूचनेत आणखी एक गोष्ट होती जी सगळे विसरलेत. तीन वर्षांनंतर केंद्र सरकारच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या भरती नियमांत पात्रता लेव्हलच्या भाषेत लिहायची, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे 2016 च्या डिसेंबरनंतर. आता कुठलीही जाहिरात काढून बघा, मला तर अजूनही बारावी पास, पदवीधर आणि ते 'किंवा समकक्ष' हेच वाचायला मिळतं. समकक्ष कोणाला म्हणायचं हे टेबलापलीकडे बसलेला माणूस ठरवणार, आणि त्याला ठरवायचं नसेल तर पोराने पत्र आणायचं. शिडी बांधली पण वरच्या मजल्याचं दार आतून बंद, असा सगळा कारभार.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे ओझं उलटं करा. सर्टिफिकेटवर लेव्हल छापलेली असेल तर ती मान्य आहे असंच धरून चालायचं. ज्या ऑफिसला, ज्या कॉलेजला ती मान्य नसेल त्याने ठराविक मुदतीत लेखी कारण द्यायचं, कुठल्या नियमाखाली नाकारलं तेही लिहायचं. नाकारणाऱ्याला कागद काळा करावा लागला ना, की निम्मी नाकारानाकारी तिथंच थांबेल, हा माझा सरकारी नोकरीतला अनुभव आहे. आणि फॉर्ममध्ये चौथी ओळ घाला. याला काही 60 हजार कोटी लागत नाहीत.

आजवर आपण टार्गेटं ठरवली ती सगळी आत किती पोरं जाणार याची. 1986 च्या धोरणात होतं की अकरावी-बारावीची 10 टक्के मुलं 1990 पर्यंत आणि 25 टक्के 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायची. 2020 च्या धोरणात 2025 पर्यंत निदान 50 टक्के मुलांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. मध्ये आपल्याकडे एमसीव्हीसी, म्हणजे अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम, येऊन गेलं, त्या पोरांना पण नातेवाईक विचारायचे की म्हणजे नक्की बारावी का काय. बाहेर पडल्यावर कोण दारात उभं करतं, त्याचं टार्गेट कोणी ठरवल्याचं मला आठवत नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल निदेशक आहे म्हणून आपल्याच पोरांची वकिली करतोय. डायरेक्ट सेकंड इयर डिप्लोमाला आयटीआयवाल्यांना प्रवेश मिळतो, ते दार उघडं आहे. पण आत गेलेली बरीच पोरं गणितात अडकतात. डिप्लोमाचे सर लोक म्हणतात तुमच्या पोरांना डेरिव्हेटिव्ह माहीत नसतं, आणि ते खरं आहे, आम्ही शिकवलेलंच नसतं. आमचं पोरगं पहिले काही महिने एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा व्हाईसमध्ये धरून कानशीने घासतं, गुण्या लावून उजेडाकडे धरतं, फटीतून उजेड दिसला की परत घासतं, असं करत करत चारी बाजू काटकोनात आणतं. दोन वर्षांनी त्याला व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटर झटक्यात वाचता येतं. पण त्याला गणितातलं लिमिट म्हणजे काय विचारलं तर तो कानशीच्या मर्यादेबद्दल सांगेल. हे दोन वेगळे अभ्यास आहेत, लेव्हलचा आकडा एक आला म्हणून ते एक होत नाहीत. त्यासाठी सेकंड इयर सुरू व्हायच्या आधी दोन-तीन महिने गणिताचा ब्रिज कोर्स ठेवा, त्याचे क्रेडिट द्या, आराखड्यात क्रेडिट साठवायची सोय आहेच. आकडे सारखे करून गप्प बसणं म्हणजे पोराला खोल पाण्यात ढकलून पोहायला येतंय ना असं काठावरून विचारणं झालं.

आणि खरी मेख मला वाटते ती विश्वासाची. नाकारणारे सगळेच काही दुष्ट नसतात. काही ठिकाणी हजेरी नुसती रजिस्टरवर असते, परीक्षेचा जॉब आदल्या दिवशीच तयार असतो, हे आम्हा लोकांना माहीत आहे आणि कंपन्यांना तर जास्तच माहीत आहे. आता तासांवर क्रेडिट द्यायचं म्हटल्यावर खोटे तास पण क्रेडिट होऊन बसणार. मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून गेलो की आधी पोराच्या हाताकडे बघायचो. ज्याच्या तळव्याला घट्टा नाही त्याने जॉब केलेला नाही, बाकी कागद काहीही म्हणो. जर्मनीत पोरगं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि बाकीचे शाळेत असतं, पण शेवटची परीक्षा त्याला शिकवणारी शाळाही घेत नाही आणि कंपनीही घेत नाही, उद्योगांचं चेंबर घेतं. म्हणून तिथल्या कागदाला वजन आहे. तिथं मायस्टर, म्हणजे आपल्या भाषेत मुरलेला उस्ताद, त्यांच्या आराखड्यात लेव्हल 6 ला बसतो, जिथं बॅचलर डिग्री बसते. आपल्याकडे 2018 मध्ये जुनी एनसीव्हीटी, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद, आणि कौशल्य विकास एजन्सी एकत्र करून एनसीव्हीईटी ही नवी परिषद काढली, नियमन एका छताखाली आणायचं म्हणून, ते ठीकच आहे. पण परीक्षेच्या दिवशी वर्कशॉपमध्ये परका माणूस उभा राहून जॉब त्याच्या डोळ्यासमोर होतो का, हे दिल्लीतून दिसत नाही. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा हे खरोखर पाळलं, तर मग कोणी लेव्हल नाकारली तर त्याला जाब विचारायला आपल्यालाही तोंड राहील.

त्या पोराचं विचाराल तर तो आता एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, शिफ्ट ड्युटी करतो. वयाची अट निघून गेली त्यामुळे भरतीचा विषय आपोआप संपला. त्याची धाकटी बहीण यंदा दहावीला आहे, इलेक्ट्रिशियनला जाऊ का विचारायला घरी आली होती. मी म्हटलं बिनधास्त जा, पण नंतर 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी पण बाहेरून करून ठेव. ती म्हणाली, सर, आयटीआयची समकक्षता असते ना? मी म्हटलं असते गं, पण फॉर्म भरताना शाखा कुठली टाकशील?

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक