दुसऱ्या दिवसाचं धैर्य

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि त्यातल्या एका जागी मी अडून बसलो. जे काम तू डोळ्यांनी पाहिलंच नाहीस, त्याच्या तपासणी अहवालावर सही करायला तू भर बैठकीत नकार दिलास. आणि त्याच्याच खाली लिहितोस, 'मी काही शूर वगैरे नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आता कचेरीत कुणी धड बोलत नाही, आणि रोज सकाळी वाटतं, कशाला या फंदात पडलो.' हे मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सविस्तर लिहायचं म्हणूनच आज बसलोय.

आपण लहानपणापासून शौर्याच्या ज्या गोष्टी ऐकल्या, त्या बहुतेक एका क्षणाच्या. खिंड अडवली, कडा चढला, उडी घेतली. क्षणाचा पोवाडा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाचं काय झालं, हे कुणी गात नाही. माझं मत मात्र असं होत चाललंय की माणसाचा कस लागतो तो त्या सकाळी.

विराटपर्वातला उत्तर आठव. आपण त्याचं नाव फक्त वल्गना करणाऱ्यासाठी वापरतो. अंतःपुरात बढाया मारल्या, कौरवांचं सैन्य दिसताच रथातून उडी टाकून पळाला, बृहन्नडेच्या वेषातल्या अर्जुनाने धावत जाऊन केस धरून परत आणला. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण पुढे? तोच पोरगा शमीच्या झाडावर चढून शस्त्रं काढतो, अर्जुनाच्या रथाचे लगाम हातात घेतो आणि ज्या सैन्याला पाहून पळाला होता त्याच सैन्यात रथ घालतो. नंतर कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना मारला जातो. पळून जाताना सगळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा रणात उभा राहतो, याला काय म्हणायचं? मला तर त्याच्याबद्दल फार माया वाटते. एका दुपारच्या भीतीवरून आपण त्याला कायमचा भेकड ठरवून टाकलं, हा सरळसरळ अन्याय आहे.

आणि विकर्ण? भर द्यूतसभेत भीष्म-द्रोण गप्प असताना कौरवांतला हा एकटा उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही, असं स्पष्ट म्हणाला. कर्णाने त्याला झापून खाली बसवलं. त्याचं ते उठणं थोरच. पण युद्धात तो भावांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. भावांना सोडणं किती अवघड असेल हे कळतं मला, तरी त्याच्याबद्दल वाचताना मन खट्टू होतं. त्याच्याकडे तो एक क्षण होता, पुढचे दिवस मात्र नव्हते.

इतिहासातही तसंच. पुरंदरावर मुरारबाजी पडला, ते आपल्याला माहीत असतं. पण त्याच 1665 च्या जूनमध्ये महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांशी तह करून तेवीस किल्ले देऊन टाकले आणि स्वतःकडे बारा ठेवले. ज्या किल्ल्यांसाठी माणसं मेली, त्यांच्या किल्ल्या स्वतःच्या हाताने देताना काय वाटलं असेल! पुढे आग्रा झालं, आणि 1670 पासून किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. तानाजीचा कोंढाणा त्यातलाच. मधली ती वर्षं, अपमान गिळून वाट पाहण्याची, माझ्या लेखी लढाईपेक्षा कणभरही कमी नाहीत.

सगळ्यात जास्त मनात घोळते ती रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, ती आईकडेच राहिली. 1884 मध्ये नवऱ्याने तिला नांदायला पाठवावं म्हणून मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, अपिलात फिरला, आणि मार्च 1887 मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने सांगितलं, तुरुंगात जाईन. एवढंच वाक्य पुस्तकात येतं. पण ते वाक्य उच्चारण्याआधी आणि नंतर तिने किती सकाळी काढल्या असतील बघ. वर्तमानपत्रांतून टीका, मोठमोठी माणसं विरोधात, कोर्टाच्या तारखांमागून तारखा. 1888 मध्ये तडजोड होऊन ती सुटली, लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन कित्येक वर्षं बायकांवर उपचार करत राहिली. एक 'नाही' निभवायला तिला अख्खं तारुण्य लागलं.

तुझ्या प्रकरणाशी जास्त मिळतं ते ह्यू थॉम्प्सनचं. 16 मार्च 1968 रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिक नि:शस्त्र माणसांना मारत सुटले होते. चोवीस वर्षांच्या या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर आपल्याच सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये उतरवलं आणि साथीदारांना सांगितलं, यांनी गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही यांच्यावर झाडा. मग वरिष्ठांकडे तक्रार केली. पुढे काय? देशद्रोही म्हणून हेटाळणी, जिवे मारण्याच्या धमक्या. पदक मिळालं 1998 मध्ये, तीस वर्षांनी. हेलिकॉप्टर उतरवायला काही मिनिटं लागली असतील. साक्षीवर ठाम राहायला किती लागलं, ते तू आता माझ्यापेक्षा चांगलं समजू शकतोस.

युद्ध-बिद्ध सोड, रोजचं सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, बोलताना अडखळते. 'प' आणि 'ब' आला की शब्द ओठांतच अडतो. मग ती अंगठ्याने बाकाची कड दाबून धरते, डोळे मिटते, आणि शब्द सुटला की एका दमात पुढचं वाक्य वाचून टाकते. एकदा तिने आपणहून धडा वाचायला हात वर केला. वर्ग चिडीचूप होता, शेवटी टाळ्या वाजल्या. छान झालं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, आज कोण वाचेल? आता कुणाला नवल राहिलं नव्हतं, मागच्या बाकावर खुसखुसही चालली होती. तरी तिचा हात वर आला. आदल्या दिवशी आपलं काय होईल हे तिला माहीत नव्हतं. आज पक्कं माहीत होतं, कुठल्या ओळीत अडकणार तेसुद्धा. म्हणून मला तो दुसरा हात जास्त मोलाचा वाटतो.

तू म्हणशील, मग हटवादी माणूसही शूरच की! सॉक्रेटिसने हाच पेच घातला होता. लॅकेस नावाचा सेनापती त्याला म्हणाला, मनाचं टिकून राहणं म्हणजे धैर्य. सॉक्रेटिसने विचारलं, मूर्खपणाने टिकून राहिलं तरी? लॅकेसला उत्तर देता आलं नाही, आणि प्लेटोचा तो संवाद उत्तराविनाच संपतो. माझ्यापुरतं एवढंच कळतं की आपण कशासाठी टिकून आहोत, हे रोज नव्याने तपासावं लागतं. तू ते करतोच आहेस. 'कशाला या फंदात पडलो' हा प्रश्न रोज सकाळी पडतो, आणि तरी संध्याकाळपर्यंत सही झालेली नसते. झोप न लागण्याने यातलं काही कमी होत नाही.

आणि ज्या सहकाऱ्यांनी सह्या केल्या, त्यांना भित्रे म्हणू नकोस. कुणाच्या डोक्यावर काय ओझं आहे, आपल्याला काय ठाऊक. त्यातला एखादा उद्या उत्तरासारखा मागे फिरेलही. त्याला येता येईल एवढी जागा ठेव.

आता कामाचं. नकार लेखी दिला आहेस ना? त्याची पोच घेतली नसशील तर उद्याच घे. त्यानंतर कोण काय बोललं, ते तारीखवार लिहून ठेव आणि कागदांच्या प्रती घरी आण. चौकशीची तारीख कळली की लगेच फोन कर. मी रजा टाकून आदल्या संध्याकाळी येतो. आत येऊ दिलं नाही तर बाहेर बाकावर बसून राहीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
श्रीधर